अर्धं ब्लेड

ब्लेडकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, अर्धं ब्लेड असे. दाढीचं ब्लेड मधोमध मोडून त्याचा एक तुकडा ते जाड कागदाच्या घडीत ठेवत आणि ती घडी खिशात. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. त्या काळी नकाशे ट्रेसिंग कागदावर शाईने काढत. शाईची रेघ चुकली की रबराने जात नसे, ब्लेडच्या कोपऱ्याने हलकेच खरवडावी लागे, तीही कागद न फाटू देता. रेघा काढणारे त्या ऑफिसात पुष्कळ होते. रेघ नाहीशी करायची असली की नकाशा काकांच्या टेबलावर येई. मधुकर डोंगरे हे त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आणि काकूंच्या उखाण्यात तेवढं उरलं होतं.

घरीसुद्धा ते ब्लेड स्वस्थ नसे. लग्नाची पत्रिका आली की काका ती खिडकीपाशी नेत आणि तिच्यातलं एकेक खरवडायला लागत. आधी देवांची नावं सोडून वरची वेलबुट्टी जाई, मग 'आपले विनीत' खालची सतरा नावं, मग छोट्या मुलांच्या नावाने छापलेलं ते बोबडं आमंत्रण. शेवटी देव, मुलगा, मुलगी, तारीख, वेळ आणि जागा एवढं उरलं की पत्रिका भिंतीवरच्या खिळ्याला अडकवत. काकू चिडायच्या. "लोकांनी हौसेनं छापलं ना बाप्पा!" काका म्हणायचे, "हौस त्यांची, जायचं मला आहे."

मला त्यांनी एकदा सांगितलं होतं, "रेघ फुकट नसते वं. मी इथे एक जास्त काढली की खाली वर्कशॉपमध्ये लेथवरचा टर्नर पाच मिनिटं डोकं खाजवते. डोकं तिकडे आणि बोट मशीनमध्ये." ते हसत हसत बोलत, पण हे सांगताना हसले नव्हते. मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. माझे वडील रेल्वेत, आमचं घर मदन महल स्टेशनाच्या बाजूला, आणि काका दोन गल्ल्या सोडून. ते मला 'इंजिनीअरबाई' म्हणत. मी इंजिनीअर नव्हते हे त्यांना चांगलं माहीत होतं.

आमच्या इथल्या मराठी लोकांच्या मंडळात रक्तदात्यांची एक वही होती. कोणाला रक्त लागलं की वही उघडायची आणि गटाप्रमाणे नावं शोधायची. वर्षानुवर्षं लोकांनी त्या वहीत नावं घातली होती, समासात घातली होती, दोन ओळींच्या मध्ये घातली होती. पुढे काकांच्या ऑफिसातल्या एका सोबत्याला सिहोरा रोडवर बसने उडवलं. काका आणि आणखी दोघे ती वही घेऊन स्कूटरवर निघाले. पहिल्या नऊ घरांपैकी तीन घरांत दुसरेच लोक राहत होते, एका घरी दात्याचं वर्षश्राद्ध चालू होतं. तो सोबती वाचला, नशीब त्याचं, पण काका त्या वहीवर कायमचे रुसले.

थोड्याच दिवसांत ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आला. काकांच्या वयाचे लोक त्याला हात लावायला घाबरत. काका पन्नाशीला टेकलेले, तरी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक मांडीवर घेऊन बसले आणि शिकले. मंडळाला कोणीतरी एक जुना कॉम्प्युटर दिला होता. त्याच्यावर त्यांनी रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्रॅम लिहिला. सगळा एका फ्लॉपीत मावत असे. काळा पडदा, हिरवी अक्षरं. रक्तगट कोणता, पेशंट कुठे आहे, माणसं किती पाहिजेत, एवढे तीन प्रश्न. उत्तरं दिली की जवळच्यापासून लांबच्यापर्यंत नावं आणि फोन नंबर पडद्यावर हजर. खिशातून पेन काढेपर्यंत यादी आलेली असे.

तो कॉम्प्युटर त्यांनी खुर्ची-टेबलावर ठेवू दिला नाही. कारखान्यातून मोडीत निघालेलं एक उंच ड्रॉइंग टेबल त्यांनी मंडळाच्या खोलीत आणवलं होतं, ज्याच्यापाशी उभ्याने काम करतात तसलं. कॉम्प्युटर त्याच्यावर. मी विचारलं, "काका, बसायला काही नाही?" तर म्हणाले, "रक्त मागायला आलेला माणूस बसते का कधी? तो उभाच असते. मग सांगणाऱ्यानं काहून बसावं? पाय दुखायच्या आत काम झालं पाहिजे, नाही तर प्रोग्रॅम चुकला."

माझ्या मोठ्या बहिणीच्या बाळंतपणात मी हे डोळ्यांनी पाहिलं. भर दुपारी बाबा मंडळात धावत आले. काका उभे, बाबा उभे, मी दारात उभी. तीन प्रश्न झाले आणि चार नावं आली. त्यातला एक, जवळच्या गढा वस्तीतला किराणावाला, आपल्या दुकानाचं शटर अर्धं ओढून स्कूटरवर बसला. ताई वाचली, माझी भाचीही वाचली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आपणही असंच काहीतरी लिहायचं. लिहिलं मात्र आयुष्यभर दुसरंच.

काकांची खरी मेहनत नावं घालण्यात नव्हती, काढण्यात होती. दरवर्षी पितृपंधरवड्यात ते यादी छाटायला घेत. त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे कोणी नवीन वस्तू आणत नाही, मुलगी पाहायला जात नाही. काका म्हणायचे, "घालायला मुहूर्त पाहतात लोक. काढायला हा पंधरवडा बरा आहे." मग ते मोपेडवर घरोघर फिरत. कोण वारलं, कोणाची बदली झाली, कोणाला शुगर निघाली, कोण आता वयात बसत नाही, हे स्वतः विचारून येत. छत्तीसगड वेगळं झालं त्याच्या पुढच्या वर्षी तर अर्धं सरकारी नोकरीतलं गाव बिलासपूर नाही तर रायपूरला गेलं. तेवढी नावं त्यांनी एका पंधरवड्यात काढली आणि यादी पुन्हा खरी केली.

दोन-तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर माझ्या स्कूटरवर फिरले. नाव काढायचं तर घरच्यांना सांगितल्याशिवाय नाही, हा त्यांचा नियम. ओसरीवर बसत, पाणी पीत आणि म्हणत, "वहिनी, भाऊंचं नाव यादीतून काढून राहिलो. सात वेळा रक्त दिलं त्यांनी." एका घरी वहिनींनी आतून फोटो आणून काकांच्या हातात दिला होता. काकांनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला, परत दिला आणि घरी येऊन नाव काढलं. पुष्कळ घरांना तो एक छोटा विधीच वाटू लागला होता. शहराबाहेरच्या पनागरच्या एका कुटुंबाने तर श्राद्धाला ब्राह्मणाच्या आधी काकांना आमंत्रण दिलं.

प्रोग्रॅममध्ये नवीन काही घाला म्हणणारे तेव्हाही होते. काकांचा प्रश्न ठरलेला, "कोण मागून राहिलं?" एकदा मंडळाचे सचिव आले. शाळेत मास्तर होते, भला माणूस. त्यांची इच्छा अशी की प्रोग्रॅम उघडला की त्या दिवशी ज्याचा वाढदिवस असेल त्याला शुभेच्छा दिसाव्यात. काकांनी विचारलं तर म्हणाले, "मागत कोणी नाही, पण बरं वाटेल ना लोकांना. एक मिनिटाचं तर काम."

"प्रत्येक जण एकच मिनिट मागते, सर," काका म्हणाले. "तीस जण झाले की अर्धा तास होते. आणि तिकडे माणूस ऑपरेशनच्या टेबलावर पडून आहे. अच्छा, चलो, घालतो तुमचं. एक काढून द्या. काय काढू, रक्तगट काढू का फोन नंबर काढू?"

सचिव रागावून गेले. मला गंमत वाटली होती. 'एक घालायचं तर एक काढायचं' हा काकांचा नियम मी माझ्या मैत्रिणींना हसत हसत सांगत असे.

काका रिटायर झाले, मंडळात नवे अध्यक्ष आले, आणि मी तोवर शहरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. यादीचं नवं व्हर्जन आमची कंपनी सेवा म्हणून करून देईल असं मीच पुढे होऊन सांगितलं. मला ती खरोखर सेवा वाटत होती. पण आतली गोष्ट अशी की मला मिरवायचं होतं. काकांच्या प्रोग्रॅमात दाखवण्यासारखं काही नव्हतं. माझ्या व्हर्जनमध्ये रंग होते, दात्यांचे फोटो होते, सुरू होताना पडद्यावर समई उजळत असे, आणि हो, वाढदिवसाच्या शुभेच्छाही होत्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत सदस्यसंख्या दिसे. सदस्य क्रमांक एक म्हणून मी आदराने काकांचं नाव भरलं आणि बाकीची सगळी नावं त्याच्याखाली जोडत गेले.

उद्घाटनाच्या आधी उपाध्यक्षांनी एक सूचना केली. नाव काढलं की माझ्या व्हर्जनमध्ये त्याच्यापुढे 'मृत' अशी नोंद पडद्यावर राहत असे. "पाहुणे येणार, पडद्यावर 'मृत' दिसलं तर अपशकुन वाटेल, मॅडम. आणि ती संख्या कमी होताना दिसली तर मंडळ बुडून राहिलं असं वाटेल." मला ते पटलं. नावं काढायची सगळी सोयच मी उचलून बाजूला केली. अर्ध्या तासाचं काम होतं. माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी प्रोग्रॅममधून काढलेली ती एकमेव गोष्ट.

उद्घाटनाला काका पहिल्या रांगेत होते. समई उजळेपर्यंत, फोटो उमटेपर्यंत, शुभेच्छा सरकेपर्यंत ते माझ्यामागे उभे राहिले. वेळ लागतोय हे पाहून कोणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली. काकांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. "खुर्ची लागली?" एवढंच म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या.

पुढे तिसरं व्हर्जन आलं, चौथं आलं. त्यात वधूवर मेळावा आला, पंचांग आलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो आले. प्रत्येक गोष्टीमागे एक खराखुरा माणूस होता, ज्याला ती मनापासून पाहिजे होती. नाही म्हणायचं तर त्या माणसाला नाही म्हणावं लागे, आणि आमच्या मंडळात सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. चौथ्या व्हर्जनमध्ये वयस्कर मंडळी रुसली की आमची नावं कुठेतरी खाली येतात. मग ज्येष्ठांचा मान म्हणून सर्वांत जुना सदस्य सर्वांत वर, असा क्रम लावून दिला. जवळचा आधी हा काकांचा क्रम त्यात गेला. मला ते कळलं होतं. पण बैठकीत सगळे इतके खूश होते की मी बोलले नाही.

वेग गेला हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मधूनमधून नवी मशीन येत असे. काका एकदा मंडळात येऊन उभ्याने सगळं पाहून गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "नव्या मशीनवर नवं व्हर्जन, आणि माझ्या डबड्यावरच्या जुन्यापेक्षा हळू. मग मशीन कोणासाठी आणून राहिले तुम्ही?" मी त्यांना मेमरी, क्षमता असं काहीबाही सांगू लागले. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे पोट वाढलं म्हणून दोन पोळ्या जास्त खाऊन राहिले, आणि दोन पोळ्या खाऊन पोट वाढून राहिलं." मी हसले, तेही हसले. घरी जाताना मला स्वतःचाच राग आला.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी ऑफिसात बसून मी वाढदिवसाच्या शुभेच्छा काढून टाकल्या. त्याबरोबर पत्ते दिसेनासे झाले. पाहते तर मधल्या काळात कंपनीत येऊन गेलेल्या कोण्या मुलाने पत्त्यांची सगळी व्यवस्था त्या वाढदिवसाच्या नोंदीला टांगून ठेवली होती. घरातल्या भिंतीवरचा निकामी खिळा काढायला जावं आणि त्यालाच कोणाची तरी औषधांची पिशवी अडकवलेली सापडावी, तसं झालं. तो मुलगा पुण्याला निघून गेला होता. त्याने काय कुठे टांगलं आहे हे आता कोणालाच ठाऊक नव्हतं. मी शुभेच्छा परत घातल्या. माझे साहेब म्हणाले, "क्लायंट पूछता है नया क्या है। क्या निकाला, ये आज तक किसी ने पूछा है?" खोटं नव्हतं ते.

पासष्ट वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी काका माझ्याकडे आले. "इंजिनीअरबाई, आता मी वयात बसत नाही. माझं रक्त आता माझ्याच कामाचं. नाव काढ." मी म्हणाले, "पुढच्या व्हर्जनमध्ये करते, काका." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काढायलाही व्हर्जन लागते?" मी दर वर्षी तेच सांगत राहिले, आणि दर पितृपंधरवड्यात ते तेच विचारत राहिले. त्यांचा जुना कॉम्प्युटर तोवर बंद पडला होता. फ्लॉप्यांना बुरशी आली होती. यादी होती ती माझीच.

मग यादी मोबाईलवर आली, आणि एका दुपारी पनागरच्या एका शिक्षकाला ती लागली. बायकोचं बाळंतपण, ओ निगेटिव्ह रक्त, दवाखाना जबलपूरचा. हे सगळं मला त्यानेच नंतर सांगितलं. व्हरांड्यात उभं राहून त्याने ॲप उघडलं, तर ॲप आधी स्वतःचं नवं व्हर्जन उतरवून घ्यायला लागलं. ते झालं, मग त्याच्या फोनवर आलेला ओटीपी मागितला, मग गणेशोत्सवाच्या शुभेच्छा दिल्या, मग नावं दाखवली. सर्वांत जुना सदस्य सर्वांत वर. पहिलं नाव काकांचं. काका-काकू बाहेर गेले होते, काकांचा मोबाईल घरीच वाजत राहिला. दुसरे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारलेले. तिसरे मुलाकडे पुण्याला. चौथ्याच्या घरी म्हातारीने फोन उचलला, नवऱ्याचं नाव ऐकून रडू लागली, आणि हा भला माणूस तिची समजूत काढत बसला. पाचवे बिलासपूरला. तेव्हा कोणीतरी त्याला माझा नंबर दिला.

मी काकांकडे धावले. दोघं फाटकातून आतच शिरत होते. मी सांगितलं तसे काका तिथेच थांबले, डोळे मिटले आणि चपला न काढता उभ्या उभ्या तीन नावं सांगितली, फोन नंबरासकट. त्यातल्या दुसऱ्या नावाचा मुलगा भेटला. मदन महलचाच, आमच्याच गल्लीतला. तो लगेच निघाला, पोचला, त्याने रक्त दिलं. जन्मलेली मुलगी वाचली. आई गेली होती. डॉक्टर म्हणाले, आधी मिळालं असतं तरी वाचली असती असं सांगता येत नाही. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

त्या शिक्षकाने मला दोष दिला नाही. काकांनीही दिला नाही, आणि ते मला जास्त लागलं. चार दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले आणि ओसरीवर रडले. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "घालणाऱ्याला हार घालतात वं. काढणाऱ्याला कोणी पाहत नाही. मी ट्रेसिंगवरून रेघ काढली की कागद कोराच दिसे. साहेब म्हणत, डोंगरे, तुम्ही दिवसभर केलं काय? हे असंच चालणार. तू नसती तर दुसऱ्या कोणी केलं असतं." मला वाटलं होतं ते काहीतरी उपाय सांगतील. त्यांच्यापाशी उपाय नव्हता. आत जाऊन त्यांनी ब्लेडची ती कागदाची घडी आणली आणि माझ्या हातावर ठेवली. "मला आता दिसत नाही. तुझ्यापाशी राहू दे. आणि मी गेलो की तेवढं माझं नाव काढजो. मेलेल्या माणसाला कोणी रक्त मागू नये."

मी हो म्हणाले. त्या हिवाळ्यातच काका गेले.

तेराव्यानंतर मी कामाला लागले. आमची कंपनी तोवर इंदूरच्या एका मोठ्या कंपनीने घेतली होती, आणि मंडळाची यादीही त्यांच्याकडे गेली होती. मी विनंती पाठवली. उत्तर आलं की क्रमांक एकची नोंद काढता येत नाही, बाकी सगळ्या नोंदी तिला जोडलेल्या आहेत. कोणी जोडल्या हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मधल्या काळात एक नवं व्हर्जन आलं, त्यात काकांच्या नावापुढे सोनेरी चांदणी लागली. वाढदिवसाला मंडळातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर त्यांना दीर्घायुष्य चिंतणारा संदेश गेला. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा फोन केले, इंदूरला दोन खेपा घातल्या. शेवटी तिथल्या एका तरुणाला माझी दया आली असावी. त्याने बाकीच्या नोंदी कशाबशा सोडवून दिल्या आणि मला कळवलं, "मॅडम, अब आपके मोबाइल से हो जाएगा। एक बार दबाना है, बस।"

तो निरोप आला तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. दोनच दिवसांनी काकांचं पंधरवड्यातलं पहिलं श्राद्ध होतं. मी लगेच बटण दाबलं नाही. घरच्यांना सांगितल्याशिवाय नाव काढायचं नाही, हा त्यांचा नियम मला मोडायचा नव्हता.

श्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी काकूंच्या शेजारी ओसरीवर बसले. पाणी प्यायले. मोबाईल उघडून हातात धरला. पडद्यावर प्रश्न होता, 'हे नाव कायमचे काढायचे आहे का?' आणि खाली हो, नाही. मी काकांसारखंच म्हणायला गेले. "काकू, काकांचं नाव यादीतून काढून राहिली आहे. एकतीस वेळा रक्त दिलं त्यांनी."

काकूंनी माझा हात धरला. त्यांच्या मांडीवर काकांचा मोबाईल होता. त्या तो रोज चार्ज करत, पुसत, आणि जवळ घेऊन बसत, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"काहून काढून राहिली?" त्या म्हणाल्या. "आठवड्यात एखादा तरी फोन येते वं. डोंगरेजी हैं क्या, म्हणतात. आता त्यांचं नाव घेणारं कोण आहे दुसरं? मुलं बाबा म्हणतात, तुम्ही ब्लेडकाका म्हणता. मी तर उखाण्याबाहेर कधी नाव घेतलं नाही."

"काकू, ते लोक घाईत असतात. त्यांचा वेळ जाते."

"मी कुठे बोलत बसते? नाहीत म्हणून सांगते आणि ठेवते. एक मिनिट लागते, जास्त नाही. तेवढं राहू दे ना."

माझ्यापाशी उत्तर होतं. दवाखान्याच्या त्या व्हरांड्याची सगळी गोष्ट होती. काकूंना ती ठाऊक होती, फाटकात त्या काकांच्या बाजूलाच उभ्या होत्या. फक्त त्या दिवशी वाजत राहिलेला पहिला फोन आपल्याच घरचा होता, हे काकांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. काकूंनी माझा हात सोडला नव्हता. पर्समध्ये ती कागदाची घडी होती, ती मी दुसऱ्या हाताने चाचपली. मग मी 'नाही' दाबलं. पडद्यावर धन्यवाद आले आणि काकांचं नाव सोनेरी चांदणीसकट पुन्हा सर्वांत वर जाऊन बसलं.

काकू उठून आत गेल्या, माझ्यासाठी डब्यात खीर भरायला. मी चपला घालत होते तेव्हा काकांचा मोबाईल वाजला. काकूंनी पदराला हात पुसला, केस नीट केले आणि फोन कानाला लावला.

"हाँ जी," त्या म्हणाल्या, "डोंगरेजी का ही घर है।"

पलीकडचा माणूस उभा असणार.